गोळी पोटात फुटते कशी?

गोळीकडून आपण दोन उलट्या अपेक्षा ठेवतो. कारखान्यापासून घरापर्यंतचे सगळे धक्के सोसून ती अखंड राहायला हवी आणि पोटात गेल्यावर लगेच तिचा भुगा व्हायला हवा. लेप नसलेल्या साध्या गोळीला भारतीय औषधकोश, म्हणजे औषधांच्या दर्जाचे अधिकृत निकष देणारा ग्रंथ, त्यासाठी १५ मिनिटं देतो, तीही ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात. गोळी वेळेत फुटली नाही तर आतलं औषध कितीही गुणकारी असलं तरी रक्तात उशिरा, अपुरं पोहोचतं.

पूर्वी फोडण्याचं हे काम स्टार्चकडे होतं. आज अनेक गोळ्यांच्या घटकांमध्ये ‘क्रॉसकारमेलोज सोडियम’ असतं. जिथे स्टार्च ५ ते १५ टक्के लागायचा, तिथे हे दोन-तीन टक्के पुरतं. मूळ कच्चा माल लाकडाचा लगदा किंवा कापसाचे तंतू, म्हणजे सेल्युलोज. ते कॉस्टिक सोड्यात भिजवून सोडियम मोनोक्लोरोअ‍ॅसिटेटशी संयोग केला की त्याच्या साखळ्यांना पाणी ओढणारे गट चिकटतात. आइस्क्रीममध्ये घट्टपणासाठी वापरतात तो सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) हाच. पण तो विरघळून चिकट होतो; गोळीत घातला तर बाहेरच बुळबुळीत थर धरतो आणि आत पाणी शिरू देत नाही.

यावरचा उपाय मला फार देखणा वाटतो. उरलेल्या मोनोक्लोरोअ‍ॅसिटेटचं हळूहळू ग्लायकोलिक आम्ल होतं आणि त्या आम्लामुळे शेजारच्या साखळ्या एकमेकींना आडव्या बंधांनी जोडल्या जातात. जोडणीसाठी वेगळं रसायन घालावंच लागत नाही! आता तंतू विरघळत नाहीत, पण दिव्याच्या वातीसारखं पाणी आत खेचतात, काही क्षणांत किमान चौपट फुगतात आणि गोळी आतून उकलते. खरं कौशल्य बंध किती ठेवायचे यात आहे. कमी पडले तर पुन्हा चिकटा, जास्त झाले तर फुगणंच थांबतं.

या तंतूंवर ऋण विद्युतभार असल्यामुळे काही अल्कधर्मी औषधं त्यांना धरून बसतात. अशा वेळी विद्युतभार नसलेलं, अल्प-प्रतिस्थापित (म्हणजे साखळ्यांना मोजकेच गट जोडलेलं) हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज कामी येतं.

पाणी ओढण्याचा हा गुण हवेतल्या दमटपणातही जागा असतो. उघड्यावरच्या गोळीतले तंतू ओल धरून आधीच थोडे फुगतात. गोळी मऊ पडते आणि पुढे नीट फुटेलच याची खात्री राहत नाही. म्हणून कोकणातल्या पावसाळ्यात तरी आठवड्याभराच्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत भरून ठेवू नका.