स्थूलवाचन (परभाषा-अध्यापन)

परकी भाषा शिकणाऱ्याने आपल्या आवाक्यातली सोपी पुस्तके स्वतः निवडून, भरपूर प्रमाणात आणि गोष्टीच्या ओढीने वाचत जाणे, या पद्धतीला स्थूलवाचन म्हणतात. विस्तृत वाचन, विपुल वाचन ही नावेही चालतात. जुन्या शिक्षकांच्या तोंडी अजून ‘रॅपिड रीडर’च आहे. धड्यातली एकेक ओळ उकलून शब्दार्थ आणि व्याकरण शिकवणे ते सखोल वाचन. हॅरल्ड पामर या इंग्रज भाषाशिक्षणतज्ज्ञाने 1917 च्या सुमारास या दोन प्रकारांत फरक केला. ‘स्थूल’ म्हटले की वरवरचे, असा अर्थ मराठीत उगाच चिकटतो. प्रत्यक्षात येथे मोजायची ती वाचलेल्या मजकुराची रास.

या पद्धतीचा एक मोठा प्रयोग आपल्याच उपखंडात झाला. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ 1920 च्या दशकात ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात होते. बंगालमधली बहुतेक मुले शाळा मध्येच सोडतात, मग त्यांच्या हाती काय उरते, हा त्यांचा प्रश्न होता. विम्याच्या धंद्यातला ‘सरेंडर व्हॅल्यू’ हा शब्द त्यांनी शिक्षणाला लावला. पॉलिसी मध्येच मोडली तरी काही रक्कम पदरात पडते, तसे इंग्रजी अर्धवट सुटले तरी काही उपयोगी पडावे. आणि ते वाचनातूनच पडते, असे त्यांचे म्हणणे. त्यासाठी त्यांनी मोजक्या शब्दांत बसवलेली वाचनमाला तयार केली. आजच्या स्तरनिहाय पुस्तकांची मुळे बरीचशी तिथे आहेत.

पद्धतीचे सारे गणित सोपेपणावर उभे आहे. कोणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट कळायचा तर त्यातले 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असे हू आणि नेशन या संशोधकांना 2000 साली आढळले. म्हणजे शंभर शब्दांत दोनच अनोळखी. दहा अनोळखी असतील तर मूल वाचत नाही, कोडे सोडवते. म्हणून शब्दकोश बाजूला, वाचन मनातल्या मनात, कंटाळवाणे पुस्तक अर्ध्यात टाकून द्यायची मुभा, आणि वाचून झाल्यावर प्रश्नोत्तरे नाहीत. शिक्षकानेही त्या वेळी स्वतःचे पुस्तक उघडून बसायचे. (नेमके तेव्हाच साहेब तपासणीला आले तर ‘गुरुजी बसून आहेत’ असा शेरा मिळण्याची भीती असते.) मिनिटाला 100 शब्द या बेताच्या वेगाने रोज वीस मिनिटे वाचले, तर शाळेच्या 200 दिवसांत चार लाख शब्द डोळ्यांखालून जातात. पाठ्यपुस्तक कितीही घोटले तरी एवढा मजकूर त्यात नसतो.

खानदेशात ‘सोपे’ कोणाला म्हणायचे, इथूनच अडचण सुरू होते. राज्यात मराठी शाळांतून 2000 पासून पहिलीलाच इंग्रजी आहे. पण धुळे-जळगावकडच्या कितीतरी घरांत मुलगा ‘आंडोर’ आणि मुलगी ‘आंडेर’ असते. पुस्तकातली मराठी हीच तिथे शाळेत गेल्यावर भेटणारी भाषा. 2011 च्या जनगणनेत खानदेशी (हिच्यात अहिराणीही धरली जाते) बोलणारे सुमारे साडेअठरा लाख होते, आणि भाषापंडित ग्रिअर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणात तिला भिल्ली भाषांच्या खंडात बसवले होते. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात घरी पावरी किंवा भिली, शाळेत मराठी आणि फळ्यावर इंग्रजी. अशा सातवीतल्या मुलाला सातवीचे इंग्रजी पुस्तक देणे म्हणजे स्थूलवाचनाच्या नावाखाली सखोल वाचनच झाले. त्याला पानाला एक ओळ असलेले चित्रांचे पुस्तक लागते, आणि तेच हातात घ्यायला तो लाजतो. ‘हे तर बालवाडीचं’ असे कोणी म्हटले की पुस्तक दप्तरात जाते. यावर साधा उपाय म्हणजे तीच गोष्ट आधी मराठीत वाचायला देणे, मग इंग्रजीत. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या 2015 मध्ये सुरू झालेल्या मुक्त संग्रहात एकच गोष्ट अनेक भाषांत आणि चार पातळ्यांवर मिळते, त्यामुळे हे जमण्यासारखे आहे.

घरची भाषा इंग्रजी नसलेल्या खेड्यांतल्या मुलांवरचा गाजलेला प्रयोग फिजी बेटांवरचा. एली आणि मांगुभाई या संशोधकांनी 1980 च्या सुमारास चौथी-पाचवीच्या वर्गांना गोष्टींची सुमारे 250 सचित्र पुस्तके दिली. आठ महिन्यांत त्या मुलांचे वाचनाचे आणि ऐकण्याचे आकलन नेहमीच्या जवळजवळ दुप्पट वेगाने वाढले.

मातृभाषेच्या बाजूने पाहिले तर खानदेशात याच्या जवळचे उदाहरण अमळनेरचे. 1924 ते 1930 या काळात तिथे शिक्षक असलेले साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढत. भाषा मराठी, म्हणून ते या नोंदीच्या व्याख्येत बसत नाही. पण समोरच्या मुलांसाठी लिहिलेला ताजा मजकूर, तोही परीक्षेबाहेरचा, ही गोष्ट तीच.

परीक्षेशी मात्र या पद्धतीचे मुळातच वाकडे आहे. दहावीच्या मराठी कुमारभारतीत ‘स्थूलवाचन’ नावाचा विभाग आहे आणि त्यावर गुणांचे प्रश्नही आहेत. मग गाइड येते, तयार टिपा येतात आणि मूळ पाठ न वाचताच भागते. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन चांगला, पण कपाटाची किल्ली वर्षातून एकदाच फिरली तर रास साचणार कशी? पद्धतीलाही मर्यादा आहेतच. एकदा भेटलेला शब्द टिकत नाही, फळ उशिरा दिसते आणि नुसत्या वाचनाने लिहिता-बोलता येत नाही. त्यासाठी वेगळा सराव लागतो.

दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जाणाऱ्या घरांतली मुले हंगाम संपल्यावर परततात, तेव्हा वर्ग चार धडे पुढे गेलेला असतो आणि मागचे भरून काढायला वेळ नसतो. स्थूलवाचनाच्या पुस्तकांच्या पेटीत बुडालेला धडा नसतो; पान जिथे मुडपले होते तिथून मूल पुढे वाचू लागते.