‘हायर-ऑर्डर’ म्हणजे वरच्या दर्जाचे फंक्शन नव्हे

हायर-ऑर्डर फंक्शन (फंक्शन म्हणजे ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) हे जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेसोबत आलेले, मुरलेल्या प्रोग्रॅमरांचेच काम, असा समज इंदूरच्या मराठी विद्यार्थ्यांतही रुजला आहे. तो चुकीचा आहे. येथे ‘ऑर्डर’ म्हणजे दर्जा नसून पायरी होय: जे फंक्शन दुसरे फंक्शन स्वीकारते किंवा निकाल म्हणून परत देते, ते एक पायरी वरचे. जावास्क्रिप्टच्या कितीतरी आधी, जॉन मॅकार्थी यांच्या लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेवरील १९६० च्या निबंधातच दुसरे फंक्शन घेऊन ते यादीवर लावत जाणारे मॅपलिस्ट आहे, आणि सी भाषेतील यादी क्रमाने लावणाऱ्या क्यूसॉर्टलाही तुलनेचे फंक्शन द्यावेच लागते. इंदूरच्या सराफा बाजारातील खाद्यपदार्थांची यादी किमतीने लावायची की नावाने, हे तुलनेचे फंक्शनच ठरवते; क्यूसॉर्टमध्ये अक्षरही बदलत नाही. म्हणूनच त्या फंक्शनला ‘तुलना’ असे मोघम नाव न देता ‘किमतीनुसार’ असे द्यावे, हे मला फार महत्त्वाचे वाटते.