इनइक्वॅलिटी म्हणजे गरिबी नाही हो!

धारावीचा फोटो टाकायचा आणि वर लिहायचं 'केवढी ही इनइक्वॅलिटी', हे वर्षानुवर्षं चाललंय. पण हा शब्द गरिबीचा नाहीच, तफावतीचा आहे. एखाद्या गल्लीत सगळेच महिन्याला दहा हजार कमवत असतील तर गरिबी आहे पण इनइक्वॅलिटी शून्य, आणि त्याच हिशोबात मलबार हिलचा एक बंगला धरला की आकडा लगेच चढतो, गल्लीतलं कोणी जास्त गरीब न होता!

आणि हो, भारताचा २०२२-२३ चा जिनी इंडेक्स (तफावत मोजायचा ० ते १०० चा आकडा, ० म्हणजे सगळे सारखे) २५.५ आहे तो खर्चावरून काढलाय, अमेरिकेचा उत्पन्नावरून, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून 'आपल्याकडे समानता जास्त' म्हणणं चूकच. श्रीमंत माणूस कमाईतला बराच भाग खर्चच करत नाही, मग खर्चातली तफावत छोटीच दिसणार ना.