नव्या यकृताची अरुंद झालेली धमनी

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून येते आणि उरलेले यकृताच्या धमनीतून. या हिशेबाने धमनी दुय्यम वाटेल. परंतु पित्तनलिकांचे पोषण जवळजवळ सर्वस्वी तिच्यावरच होते. मूळच्या यकृताला आसपासच्या ऊतींतून येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांचाही आधार असतो. दात्याच्या शरीरातून यकृत काढताना मात्र या आडवाटा तुटतात आणि नव्या यकृताच्या पित्तनलिकांना एका धमनीखेरीज वाली उरत नाही. ती अरुंद झाली, तर पुढे रक्ताची गुठळी होऊन पूर्ण बंद पडण्याची भीती असते. मग पित्तनलिका आकसतात, त्यांत जंतुसंसर्ग होतो आणि काही रुग्णांना पुन्हा प्रत्यारोपणाची गरज पडते.

धमनी अरुंद होण्याची ही अडचण बहुतेक वेळा दात्याची आणि रुग्णाची धमनी जिथे शिवली जाते, त्या जोडापाशी किंवा त्याच्या लगत उद्भवते. शस्त्रक्रियेतील चिमट्याचा दाब, दोन धमन्यांच्या व्यासांतील तफावत, धमनीला पडलेला पीळ किंवा आतल्या अस्तराची वाढ ही तिची कारणे असतात. जिवंत दात्याकडून यकृताचा भाग घेतला असेल, तर धमनी अनेकदा दोन ते तीन मिलिमीटरचीच असते आणि सूक्ष्मदर्शकाखाली शिवावी लागते.

रुग्णाला सुरुवातीला बहुधा काहीच जाणवत नाही, आणि मला हीच सर्वांत चिंतेची गोष्ट वाटते. म्हणून प्रकृती उत्तम वाटत असतानाही डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहणारी तपासणी, चुकवू नये. रक्तप्रवाहाचा रोध दर्शवणारा निर्देशांक ०.५ च्या खाली गेला आणि प्रत्येक ठोक्याची लाट संथपणे चढू लागली, की संशय बळावतो. सीटी अँजिओग्राफीने, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनने, अरुंद भागाची जागा नक्की होते.

१९६३ मध्ये डेन्व्हर येथे थॉमस स्टार्झल यांनी माणसावर यकृत प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न केला आणि १९६४ मध्ये पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांनी एका रुग्णाच्या पायाची अरुंद धमनी कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीत घातलेल्या बारीक नळीने, मोकळी केली. आजच्या उपचारात या दोन्ही वाटा एकत्र येतात. जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी आत नेली जाते, रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिले जाते आणि एक्स-रेच्या पडद्यावर पाहत, केसासारखी बारीक तार अरुंद भागातून हळुवारपणे पलीकडे सरकवली जाते. त्याच तारेवरून काही मिलिमीटर व्यासाचा फुगा नेऊन फुगवतात. तेवढ्याने भागले नाही तर हृदयाच्या धमन्यांसाठी वापरतात तसा स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, बसवतात. सगळे बहुधा पोट न उघडता होते.

तारेमुळे अस्तर फाटू शकते, फुग्याच्या ताणाने धमनीही फुटू शकते. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत जोड ताजा असल्याने ही जोखीम अधिक असते, म्हणून तेव्हा अनेक शल्यचिकित्सक पुन्हा शस्त्रक्रिया करून जोड दुरुस्त करणे पसंत करतात. धमनीला जोरदार पीळ असेल, तर स्टेंट आत नेणेही अवघड होते, आणि तिथे हट्ट धरण्यापेक्षा थांबणेच श्रेयस्कर ठरते.

धमनी मोकळी झाली, तरी ती काही महिन्यांत पुन्हा अरुंद होऊ शकते. त्यामुळे गुठळी रोखणारी औषधे, म्हणजे ॲस्पिरिन, आणि स्टेंट असल्यास बहुधा क्लोपिडोग्रेलही, डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवतात. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी कमी असलेल्या रुग्णांत या औषधांचे प्रमाण जपून ठरवावे लागते. डॉप्लर तपासणीही ठरलेल्या अंतराने होत राहते आणि पुन्हा अरुंदपणा दिसल्यास बहुतेकदा त्याच मार्गाने फुगा परत नेता येतो.