काळ्या मार्बलचं घड्याळ, जे मार्बलचं नव्हतंच

आजोबांचं टोल्यांचं घड्याळ वाटणीत आमच्याकडे आलं, आणि काकांनी बजावून ठेवलेलं की काळं इटालियन मार्बल आहे, भंगारवाल्याला देऊ नका. उचललं तेव्हाच शंका आली, मार्बल एवढं हलकं कसं? नखाने टकटक केलं तर चक्क लाकूड.

ही फसवणूक वगैरे नाही, त्या घड्याळांचा जन्मच नकलेतला. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधे शेकोटीच्या वरच्या फळीवर, म्हणजे मँटलवर, काळ्या दगडाची घड्याळं ठेवायची फॅशन होती, खांब, कमानी, अगदी छोटं देऊळच. तोच थाट अमेरिकन कंपन्यांनी स्वस्तात काढला. अन्सोनियाने लोखंडाच्या केसला काळा रंग दिला आणि सेथ थॉमसने १८८० मधे सेल्युलॉइडच्या (म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकच्या) पातळ थराचे हक्क घेतले, त्याला नाव 'ॲडमंटाइन', आणि १८८२ पासून १९१७ पर्यंत लाकडी केसवर तो थर चिकटवून घड्याळं विकली. संगमरवरी रेघांसकट!

बरं, अमेरिकन घड्याळांची किंमत ठरवताना भलेभले आधीपासूनच चुकलेत. कनेक्टिकटच्या चॉन्सी जेरोमने १८४२ मधे यंत्रावर ठोकून काढलेल्या पितळी चाकांची घड्याळं इंग्लंडला पाठवली, तिथल्या कस्टमवाल्यांना वाटलं एवढी स्वस्त असूच शकत नाहीत, टॅक्स वाचवायला किंमत कमी लिहिलीय. कायद्याप्रमाणे त्यांनी लिहिलेली किंमत अधिक १० टक्के देऊन अख्खा माल स्वतःच घेतला. जेरोम खूश, त्याने लगेच दुसरा लॉट पाठवला, तोही घेतला, तिसऱ्या वेळी मात्र साहेब शहाणे झाले आणि माल सोडला.

म्हणून घरातल्या गोष्टींवर जाऊ नका, घड्याळ उलटं करा (आधी लंबक काढून). सेथ थॉमसच्या तळाला शाईचा शिक्का असतो, त्यात वर्ष उलटं लिहिलेलं आणि पुढे महिन्याचं अक्षर, ए म्हणजे जानेवारी. आमच्यावर ६९८१ डी निघालं, म्हणजे एप्रिल १८९६. जर्मन असेल, समजा युंगहान्स, तर चांदणीचा मार्का बघा. 'मेड इन जर्मनी' लिहिलेलं असेल तर सहसा १८८७ नंतरचं, कारण परदेशी मालावर देशाचं नाव टाकायची सक्ती ब्रिटिशांनी त्या वर्षीच्या कायद्याने आणली.

आता पैशांचं. असली घड्याळं कारखान्यातून ढिगाने निघाली, त्यामुळे नुसतं जुनं म्हणून घबाड मिळत नाही, डायल मूळचा आहे का, मशीन बदललंय का, थर कुठे उडालाय का, यावर सगळं. तो थर रगडून पॉलिश करू नका आणि आगीपासून तर लांबच ठेवा, सेल्युलॉइड भुरकन पेटतं. आमचं इतकी वर्षं देवघराच्या फळीवर समईला खेटून होतं. हे कळल्यावर आईने घड्याळच हलवलं, समई नाही.