'डिलिव्हरन्स' की 'डॅम्नेशन': वाद जुनाच आहे

कणकवली-कुडाळकडे प्रॉग, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचं प्रोग्रेसिव्ह रॉक, ऐकणारी पोरं मोजकीच, पण दोघं भेटली की वाद ठरलेला: ओपेथचा 'डिलिव्हरन्स' भारी की 'डॅम्नेशन'? स्वीडनच्या या बँडने दोन्ही अल्बम २००२ मध्ये एकाच दमात रेकॉर्ड केले. पहिला त्याच वर्षी नोव्हेंबरात आला, दुसरा २००३च्या एप्रिलात. एकात तासभर डेथ मेटल या कर्कश, जड रॉकचा मारा आणि घोगरा ग्राउल, म्हणजे घशातून गुरगुरल्यासारखं गाणं. दुसऱ्यात ग्राउल औषधालाही नाही, सगळं संथ, मेलोट्रॉन या टेपवर चालणाऱ्या वाद्याच्या सुरांत भिजलेलं. गायक मात्र तोच, मिकाएल ओकरफेल्ट. आणि दोन्हीकडे निर्मितीत हात स्टीव्हन विल्सनचा.

कल्लोळ आणि शांतता यांच्यातली ही फूट ओपेथने पाडलेली नाही. किंग क्रिमसन या जुन्या प्रॉग बँडचा पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये निघाला. त्याचं पहिलंच गाणं सॅक्सोफोन, गिटार आणि मुद्दाम फाडलेल्या आवाजाचा कल्लोळ. तो थांबतो न थांबतो तोच दुसरं गाणं शांतपणे बासरी धरतं. तिसऱ्या गाण्यात, 'एपिटाफ'मध्ये, मेलोट्रॉन भरून येतो. हे वाद्य म्हणजे पेटीसारख्या पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीखाली व्हायोलिन किंवा कोरसचा एकेक सूर रेकॉर्ड केलेली टेप. पट्टी दाबली की टेप सरकते, आठेक सेकंदांत संपते. बोट उचललं की मागे येते. आमच्याकडे कपाटातल्या कॅसेटींना जुलैत बुरशी धरते, तिथे या यंत्राचं काय झालं असतं कोण जाणे!

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. १९७२ मध्ये 'येस' या बँडने एकच गाणं रेकॉर्डच्या पूर्ण बाजूवर पसरलं, मग छोटी, साधी गाणी वाजवणाऱ्या पंक रॉकवाल्यांनी या पसाऱ्याची टर उडवली, आणि १९९२ मध्ये ड्रीम थिएटर या बँडच्या 'इमेजेस अँड वर्ड्स'ने प्रॉगची मेटलशी सोयरीक पक्की केली. विल्सनचा स्वतःचा बँड पॉर्क्युपाइन ट्री डिसेंबर २००९ मध्ये पवईला, आयआयटीच्या 'मूड इंडिगो' महोत्सवात वाजून गेला.

टूल या बँडच्या 'लॅटरॅलस' अल्बमची (२००१) गोष्ट वेगळी. शीर्षकगीताच्या मुख्य भागात मात्रा ९, ८, ७ अशा उतरतात. डबलबारीचा, म्हणजे आमच्याकडच्या दोन भजनी बुवांच्या सामन्याचा, पखवाज कानात मुरलेल्याला विषम मात्रांचं अप्रूप नाही. रूपक सातांचा, झपताल दहाचा. पण आपल्याकडे ताल एकदा धरला की आवर्तन फिरत राहतं. इथे हिशोब दर खेपेला बदलतो, टाळी द्यायला गेलेला हात हवेतच राहतो. ड्रमर डॅनी कॅरी तबलाही शिकलेला आहे, म्हणजे हे सारं नकळत झालेलं नाही.

म्हणूनच मला 'डिलिव्हरन्स'चं शीर्षकगीत भजनाच्या कानाला जास्त जवळचं वाटतं. शेवटची काही मिनिटं तीच तुटक लय पुन्हा पुन्हा येते, गजर चढावा तशी. 'डॅम्नेशन' देखणा आहे, पण त्याच्या उदासीला मेलोट्रॉनचा टेकू लागतो. हे मी बोललो की अर्धी मंडळी उठून चहाला जातात.

२०११च्या 'हेरिटेज'पासून ओपेथने ग्राउल सोडला, तेव्हा डॅम्नेशनवाले जिंकल्यासारखे वागत होते. नोव्हेंबर २०२४च्या अल्बमात ग्राउल परतला, आणि त्याच अल्बमात जेथ्रो टल या जुन्या प्रॉग बँडच्या इयान अँडरसनची बासरीही आहे. आता दोन्ही गट तो आपलाच म्हणतात.