पासपोर्ट आपला म्हणून उपचार फुकट होत नाहीत

परदेशात राहणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं एक समज फिरतोय की सुट्टीला मायदेशी गेलं की देश आपलाच, मग आजारी पडलो तर काळजी कसली. असं नसतं हो! बऱ्याच देशांत सरकारी उपचारांचा हक्क नागरिकत्वावर नाही, तुम्ही तिथे राहता का यावर ठरतो. इंग्लंडचंच बघा, कायमचं बाहेर गेलेल्या ब्रिटिश माणसालाही एनएचएस (तिथली सरकारी आरोग्यसेवा) हॉस्पिटलात ॲडमिट झाल्यावर एनएचएसच्या ठरलेल्या दराच्या १५० टक्के बिल लागू शकतं, इमर्जन्सी विभागातली तपासणी आणि उपचार मात्र फ्री. आणि नोकरीतून मिळालेली आरोग्य विम्याची पॉलिसी? मायदेशासाठी काहींत ठरावीक दिवसांचंच कव्हर, काहींत फक्त इमर्जन्सी, काहींत काहीच नाही, म्हणून तिकीट काढायच्या आधी ते कलम वाचा आणि विमा कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या, फोनवरचं 'हो हो चालेल' क्लेमच्या वेळी कामाला येत नाही.